उधारीचा ठेका

दिवाळीत वाशीमला घरी 'डोन्ट फंक विथ माय हार्ट' लावलं, तर बाबा म्हणाले, "अरे, हे तं आपल्या आशा भोसलेचं! चोरलं की काय?"

चोरी नाही हो! ब्लॅक आईड पीजच्या या २००५च्या गाण्यात 'ये मेरा दिल' (डॉन, १९७८) आणि 'ऐ नौजवाँ' (अपराध, १९७२) मिसळलंय, आणि श्रेयात कल्याणजी-आनंदजींचं नाव आहे. २००६ला त्याला ग्रॅमीही मिळालं.

पण गंमत पुढेच आहे. सत्तरच्या दशकात मुंबईच्या स्टुडिओंत फंकचा ठेका आला तो अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांकडून. नाट्यगीतं, लावण्या गाणाऱ्या आशाताईंनी तो इतका सहज पेलला की आपलाच वाटला.

बाबा म्हणाले, "म्हणजे उधारी फिटली."

अर्धीच, बाबा. त्यांनी आपलं नाव लिहिलं. आपण त्यांचं लिहायचं राहूनच गेलं.