पंच्यातला चक्का, यंत्रातला चक्का

आम्हा बडोदेकर मराठी मंडळींच्या घरात सणावाराला एक खुंटी ठरलेली असे. रात्री दही पंच्यात बांधून तिला टांगायचे, खाली पातेले ठेवायचे. सकाळी घट्ट चक्का पुरणयंत्रातून काढायचा आणि साखर मुरली की श्रीखंड तयार.

पंचवीस पानांच्या पंगतीला ही रीत पुरते. हजारो घरांसाठी श्रीखंड करायचे तर पंचे किती आणि खुंट्या किती? शिवाय हात जास्त लागले की श्रीखंड लवकर आंबते आणि एका पंच्यातला चक्का दुसऱ्यासारखा निघत नाही.

आपल्या शहरातल्या सुगम डेअरीने या अडचणीवर तोडगा काढला, तो युरोपातल्या एका यंत्राच्या मदतीने. जर्मनीत ‘क्वार्क’ नावाचे मऊ, आंबटसर चीज घरोघरी खातात. तेही विरजलेल्या दुधातले पाणी काढूनच होते. त्यासाठी तिकडे वेगाने फिरणारे यंत्र वापरतात. त्यात पाणी एकीकडे आणि घट्ट भाग दुसरीकडे होतो. त्याच यंत्रात आपले दही घातले आणि चक्का मिळाला! दुधातली साय आधीच काढून घ्यायची आणि साखर मिसळताना घट्ट साय परत घालायची, एवढा बदल केला. रात्रभराचे काम सलग आणि हात न लावता होऊ लागले.

शेजारच्या आणंदची गोष्ट याच जातीची. म्हशीच्या दुधाची भुकटी होणार नाही, असे परदेशी तज्ज्ञ सांगत होते. एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली आणि १९५५ साली तिथे भुकटीचा कारखाना उभा राहिला.

दोन्हीकडे यंत्र परके होते, गरज मात्र इथली होती. क्वार्क आणि चक्का ही भावंडे आहेत, हे ओळखायला आधी चक्का ठाऊक असावा लागतो. यंत्रातून निघालेला चक्का जमला की नाही, हे सांगायलाही पंच्यातल्या चक्क्याची चव जिभेवर असावी लागते.

आज आम्ही डबा विकत आणतो, त्यात कमीपणा नाही. पण आमच्या घरांतली ती खुंटी रिकामी झाली आहे. आजीचे विरजण, साखरेचे प्रमाण, चक्का तयार झाल्याची खूण हे सारे कुणी लिहून ठेवलेले नाही. उद्याच्या एखाद्या कारखान्याची कल्पना कदाचित त्यातच असेल. म्हणून यंदा आरतीनंतर घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ वही घेऊन बसू या.