चार अगती आणि लेण्यांचे वाचन

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त गृहस्थांचा विनय म्हणून विहारांतून आवर्जून वाचले जाते. आईवडील, गुरुजन, मित्र, सेवक यांच्याविषयीची कर्तव्ये श्रोत्यांच्या लक्षात राहतात. त्याच सुत्ताच्या आरंभी आलेल्या चार अगतींकडे मात्र, विशेषतः इतिहासाच्या अभ्यासकांनी, द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. छंद, दोस, मोह आणि भय या चार कारणांनी मनुष्य भलत्या वाटेला लागतो, असे तथागत सिगालाला सांगतात. छंद म्हणजे आपल्या माणसाविषयीची ओढ. दोस म्हणजे द्वेष.

पूर्वग्रह म्हटला की आपल्याला प्रथम द्वेष आठवतो. आपला अनुभवच तसा असल्याने त्यात नवल नाही. परंतु पालि परंपरेने या यादीत पहिले स्थान प्रेमाला दिले आहे. शिवाय ही कसोटी मोठ्या तत्त्वचर्चेपुरती ठेवलेली नाही. संघात भोजनाची वाटणी ठरविणारा भिक्षू निवडतानाही तो या चार अगतींपासून मुक्त असावा आणि कोणाची वाटणी झाली, कोणाची राहिली हे त्याला ठाऊक असावे, अशी अट आहे. भाताच्या वाटणीला जी दक्षता हवी ती इतिहासाच्या वाटणीला नको काय?

मोहाचे, म्हणजे अज्ञानाचे, उदाहरण सर्वपरिचित आहे. जेम्स प्रिन्सेप यांनी 1837 साली ब्राह्मी लिपीचा उलगडा केला, तेव्हा शिलालेखांतील 'पियदसि' हा सिंहलद्वीपाचा राजा असावा असे त्यांना वाटले. हाती असलेल्या साधनांवरून निघणारा तो अंदाज होता. जॉर्ज टर्नर यांनी सिंहली परंपरेतील पालि ग्रंथांच्या आधारे पियदसि म्हणजे अशोक हे दाखविले, आणि 1915 साली उजेडात आलेल्या मस्की येथील लेखात अशोकाचे नावच मिळाले. साधन मिळताच असा मोह सरतो. छंदाचे तसे नाही.

पालि ग्रंथांवर जीव असलेल्या युरोपीय पंडितांनी खरा बौद्ध धम्म ग्रंथांतच आहे असे गृहीत धरले. भिक्षू निष्कांचन असावा असे ग्रंथ सांगतात. सांची-भारहूतच्या लेखांत भिक्षू आणि भिक्षुणी स्वतः दाते आहेत. ही विसंगती समोर असता दगडाला ऱ्हासाचा पुरावा ठरवून पोथी निर्दोष राखली गेली. ग्रेगरी शोपेन यांनी 1991 साली या मनोवृत्तीवर नेमके बोट ठेवले. पालिच्या अभ्यासकाला ही टीका झोंबते, आणि तिने झोंबावेच.

आता आपल्या घराकडे वळू. नाशिकच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या 19व्या राज्यवर्षी कोरलेल्या या लेखात राजमाता आपल्या दिवंगत पुत्राची, गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी गाते. तो 'एकबम्हण' आहे; त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबविला. आणि हे ज्या लेखात लिहिले आहे तो लेख भद्रयानीय भिक्षुसंघाला लेणे दान दिल्याचा आहे!

या एका लेखाचे दोन इतिहास झाले आहेत. एका पक्षाचे लेखक 'एकबम्हण' हे विशेषण उचलतात आणि दान कोणाला दिले हे एका वाक्यात उरकतात. आपले वक्ते दानाचा गौरव करतात आणि वर्णसंकराच्या ओळीवर येताच पान उलटतात. पहिल्यांचा छंद आपल्याला चटकन दिसतो. दुसऱ्यांच्या ठिकाणी छंदाबरोबर भयही आहे: सभेला काय वाटेल, विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल काय, ही भीती.

त्याच लेखातील 'दिजावर' हा समास पाहावा. तो द्विज आणि अवर असा फोडला, तर राजाने द्विजांप्रमाणेच खालच्या मानलेल्या लोकांच्याही कुटुंबांची भरभराट केली असा अर्थ होतो. फ्रेंच पंडित सेनार यांनी तोच घेतला. 'जा' मधील दीर्घ स्वर दुर्लक्षून 'द्विजवर' असे वाचले की ते सारे लोक राजाच्या प्रशस्तीतून नाहीसे होतात. एका मात्रेचा प्रश्न आहे. चातुर्वर्ण्याची ओळ टाळण्यासाठी जो पान उलटतो, त्याच्या हातून ही मात्राही निसटते, हे आपल्या मंडळींनी ध्यानात घ्यावे.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1946 साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत इतिहासकाराने स्वार्थ, भय, राग आणि ममत्व यांपासून अलिप्त राहावे, अशी अपेक्षा मांडली आहे. अगतींशी ताडून पाहिले तर छंद, दोस आणि भय तेथे आहेत. मोहाच्या जागी स्वार्थ आला आहे. ज्या विषयावर त्यांनी हा ग्रंथ लिहिला त्यात राग येण्यास त्यांच्याइतके कारण क्वचितच कोणाला असेल. तरीही ही अट त्यांनी स्वतःवर घालून घेतली.

रायगड जिल्ह्यातील कुडे येथील लेण्यांत एका माळ्याचे दान नोंदलेले आहे. कार्ल्याचे दार करणारा धेनुकाकटचा सुतार सामि आणि हा माळी यांची नावे आपण अभिमानाने घेतो, आणि ती घ्यावीतच. कुडे येथेच भयिला नावाच्या स्त्रीने दिलेले चैत्यगृह आहे. ती ब्राह्मणी होती आणि तिचा पती अयितिलु हा ब्राह्मण उपासक होता, असे लेख स्वच्छ सांगतो. आपल्या व्याख्यानांतून माळी येतो, भयिला येत नाही. लेण्यात मात्र माळ्याच्या दानाला आणि भयिलेच्या दानाला एकच शब्द आहे: देयधम्म.