पुनर्प्राप्त कार्बन तंतू : ताठरपणा कायम, लांबी कमी

वजनाच्या तुलनेत पोलादाहून कितीतरी मजबूत असलेल्या कार्बन तंतूंचा वापर विमाने व मोटारींमध्ये केला जातो. बोइंग ७८७ विमानाच्या वजनात संमिश्र साहित्याचा वाटा सुमारे ५० टक्के आहे. मात्र हे साहित्य कुजत नाही व वितळवून पुन्हा वापरताही येत नाही. त्यामुळे त्यातील तंतू वेगळे काढण्याला महत्त्व आले आहे.

नवे तंतू प्रामुख्याने पॉलिअॅक्रिलोनायट्रिलपासून १,००० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानात तयार होतात. जुने तंतू मिळवण्यासाठी टाकाऊ भाग साधारण ५०० अंशांवर, अत्यल्प प्राणवायू असलेल्या भट्टीत तापवतात. राळेचे विघटन होऊन तंतू मोकळे होतात. यासाठी ऊर्जा बरीच कमी लागते.

अशा तंतूंचा ताठरपणा जवळपास नव्यांइतकाच राहतो. प्रक्रिया काळजीपूर्वक झाल्यास ताण सहन करण्याची क्षमताही थोडीच घटते. खरी उणीव लांबीची आहे. टाकाऊ भागांचे तुकडे करताना सलग तंतू तुटतात व विस्कटतात. त्यामुळे विमानाच्या पंखांसारख्या मुख्य भारवाही भागांत ते नव्या तंतूंची जागा घेऊ शकत नाहीत.

आखूड तंतूंच्या चटया बनवल्या जातात किंवा ते प्लॅस्टिकमध्ये मिसळले जातात. २०१३ मध्ये बाजारात आलेल्या बीएमडब्ल्यू आय-३ या विजेवरील मोटारीच्या छतासाठी उत्पादनातील उरलेल्या कार्बन तंतूंचा पुनर्वापर करण्यात आला होता.