दिलेल्या विषयावरची कविता

कविता मागून मिळत नाही, ती आतून यावी लागते, असे आम्ही शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत. तरीही एप्रिल महिना आला की देशोदेशीचे हौशी कवी रोज एक विषय समोर ठेवून रोज एक कविता लिहितात. मोरीन थॉर्सन या अमेरिकन कवयित्रीने २००३ साली हा तीस दिवसांचा नेम सुरू केला. कुणाला हा अलीकडचा पोरखेळ वाटेल. पण मागणीवरून काव्य करण्याची रीत आपल्या देशात फार जुनी आहे.

संस्कृत पंडितांच्या सभेत श्लोकाचा एक चरण पुढे टाकीत आणि उरलेले चरण कवीने तेथल्या तेथे रचावयाचे. हीच समस्यापूर्ती. उर्दू मुशायऱ्यांतून तिचेच भावंड 'तरह' या नावाने नांदत होते. एक मिसरा आधी जाहीर होई. त्याचे वृत्त, काफिया आणि रदीफ, म्हणजे यमक व त्यामागून येणारे पालुपद, सांभाळून प्रत्येकाने गझल बांधून आणावी. चौकट दिली जाई, विषय नव्हे. विषय बहुधा ठरलेलेच : प्रेम, विरह, मदिरा.

ही रीत उलटी केली लाहोरने. तेथे १८६५ मध्ये डॉ. लाइटनर यांच्या पुढाकाराने 'अंजुमन-ए-पंजाब' ही संस्था स्थापन झाली होती. तिच्या सभेत मे १८७४ मध्ये मुहम्मद हुसेन आझाद यांनी भाषण केले. उर्दू काव्याने ठराविक कल्पनांच्या कोंडवाड्यातून बाहेर यावे, असा त्याचा रोख होता. पंजाबच्या शिक्षण खात्याचे प्रमुख कर्नल हॉलरॉइड पाठीशी होते. आता मिसरा नव्हे, विषय मिळणार होता. पहिला विषय पावसाळा. पुढे हिवाळा, आशा, देशप्रेम, न्याय असे इतर.

या आझादांपाशी थोडे थांबले पाहिजे. त्यांचे वडील मौलवी मुहम्मद बाकिर दिल्लीत उर्दू वृत्तपत्र चालवीत. १८५७ च्या उठावात दिल्ली पडल्यावर इंग्रजांनी त्यांचा जीव घेतला. मुलगा घर सोडून निघाला तो आपले उस्ताद जौक यांच्या कवितांची बाडे घेऊन, आणि वणवण करीत अखेर लाहोरच्या शिक्षण खात्यात चाकरीस लागला. ज्या सरकारने बाप मारला, त्याच सरकारच्या आश्रयाने तो आता आपल्या भाषेच्या कवींना नवी वाट दाखवीत होता. त्याला लाचार म्हणणे सोपे आहे. आम्हांस तसे म्हणवत नाही. मोडलेल्या दिल्लीतून जे वाचले, ते नव्या मातीत रुजावे, एवढीच त्याची धडपड असावी.

गालिबचे शिष्य अल्ताफ हुसेन हाली तेव्हा लाहोरातच सरकारी बुक डेपोत, इंग्रजीवरून झालेल्या भाषांतरांचे उर्दू सुधारीत बसत. त्यांनी या मुशायऱ्यांसाठी चार दीर्घ कविता रचल्या. पावसावरचीचे नाव 'बरखा रुत'. नावातच फारसी बाजूला सारून घरातले शब्द आले आहेत! न्यायावर वा देशप्रेमावर लिहिताना कवीला उपदेशाचा मोह आवरणे कठीण जाते. पाऊस मात्र प्रत्येकाने पाहिलेला असतो. (नाताळ अंकासाठी 'शांती' या विषयावर कविता मागविणाऱ्या आम्हां संपादकमंडळींनी हे ध्यानात ठेवलेले बरे.)

जुन्या वळणाच्या मंडळींना हा प्रकार रुचला नाही. टीका झाली, आणि १८७५ मध्ये मुशायरे थांबले. हाली दिल्लीला गेले. १८७९ मध्ये त्यांचे 'मुसद्दस' आले आणि १८९३ मध्ये काव्यविचाराचा प्रसिद्ध 'मुकद्दमा'. आझाद लाहोरातच राहिले. १८८० मध्ये त्यांनी 'आब-ए-हयात' हा उर्दू कवींचा इतिहास लिहिला. उत्तरायुष्यात त्यांना बुद्धिभ्रंश झाला; १९१० मध्ये ते वारले. जौक यांच्या त्या कविता त्यांनी संपादून छापल्या होत्या. त्यांत गुरूच्या नावावर आझादांनी आपल्याही काही ओळी घातल्या, असा संशय अभ्यासकांनी पुढे घेतला आहे.