बालवीर पथकाचा अवैतनिक शिक्षक

बालवीर चळवळीविषयी जे लेखन आजवर झाले आहे त्यात संस्थापकांची चरित्रे, निरनिराळ्या संघांची स्थापना, त्यांचे कलह व विलीनीकरण, मेळाव्यांची वर्णने एवढाच मजकूर बहुतकरून आढळतो. ज्याच्या खांद्यावर या चळवळीचा भार प्रत्यक्ष पडला तो पथकाचा शिक्षक, म्हणजे स्काउटमास्तर, या इतिहासात क्वचितच दृष्टीस पडतो. त्या कामाचे वेतन नाही, म्हणून वेतनपत्रकात त्याची नोंद नाही. तो संघाचा पदाधिकारी नाही, म्हणून अहवालात त्याचे नाव नाही. आम्ही चौतीस वर्षे संस्कृत शिकविले व त्यांपैकी बरीच वर्षे पथकही सांभाळले. तेव्हा या विषयात आमचे मन सर्वस्वी तटस्थ आहे असा आव आम्ही आणीत नाही.

प्रथम मुळाकडे वळू. दक्षिण आफ्रिकेतील माफेकिंगचा वेढा १८९९ च्या ऑक्टोबरपासून १९०० च्या मेपर्यंत, म्हणजे २१७ दिवस चालला. त्या वेढ्यात गावातील मुलांनी निरोप पोहोचविणे वगैरे कामे केली, आणि तेथील सेनानी बेडन-पॉवेल यांस मुलांवर विश्वास टाकला असता ती तो सार्थ करितात याचा प्रत्यय आला. १९०७ च्या ऑगस्टात ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर त्यांनी भरविले व १९०८ च्या जानेवारीपासून आपले पुस्तक पाक्षिक भागांनी प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. नवी संस्था काढावी असा त्यांचा आरंभीचा हेतू नव्हता. मुलांच्या ज्या संस्था आधीच चालू होत्या त्यांनी हा अभ्यासक्रम उचलावा, एवढीच अपेक्षा होती. पण घडले निराळेच. मुलांनी ते भाग विकत घेतले, पाच-सातजणांच्या टोळ्या आपण होऊन बांधल्या, आणि मग आपणांस कोणी मोठा मनुष्य मिळेल काय म्हणून पाद्री, शिक्षक, कारकून यांची दारे ठोठावली. मुले आधी आणि मास्तर नंतर, असा हा क्रम होता. वाचकांनी तो ध्यानात ठेवावा, कारण आमचा सर्व मुद्दा त्यावरच आहे.

१९०९ च्या सप्टेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये दहा हजारांवर मुले जमली. इतक्या मुलांस पुरतील एवढे जाणते मास्तर कोठून यावयाचे? हौस व सदिच्छा यांवरच पुष्कळांनी काम पत्करले. सदिच्छेची मर्यादा १९१२ च्या ऑगस्टात दिसून आली. लंडनच्या वॉलवर्थ भागातील एक पथक नावेतून लेझडाउन येथील शिबिरास जात असता वादळी झोताने नाव उलटली व नऊ मुले बुडाली. पथकाचे शिक्षक त्याच नावेत होते. सारे राष्ट्र हळहळले. पुढे महायुद्ध आले, अनेक मास्तर रणांगणावर गेले, आणि पथके थोरल्या मुलांनी अथवा स्त्रियांनी चालविली. १९१६ त लहान मुलांची शाखा निघाली, तीत तर स्त्रियांचा वाटा फार मोठा होता. युद्ध संपताच १९१९ मध्ये मॅक्लारेन नामक गृहस्थाच्या सात हजार पौंडांच्या देणगीतून गिलवेल पार्क विकत घेण्यात आले व त्याच सप्टेंबरात मास्तरांच्या शिक्षणाचा पहिला वर्ग तेथे भरला. म्हणजे मुलांस शिकविण्याचे पुस्तक निघाल्यावर मास्तरास पद्धतशीर शिकविण्यास अकरा वर्षे लागली!

आता हिंदुस्थानाकडे. येथील पहिले पथक १९०९ त बंगळूर येथे निघाले, पण ते युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांकरिता. हिंदी मुलांस माग काढणे, खुणा ओळखणे, निरोप गुप्तपणे पोहोचविणे या विद्या शिकविल्या तर त्यांतून राजद्रोही निपजतील, अशी सरकारास धास्ती होती. ‘स्काउट’ या शब्दाचा मूळ अर्थ टेहळ्या असाच आहे. हिंदीत त्यास ‘बालचर’ हा प्रतिशब्द रूढ झाला. चर म्हणजे फिरणारा, आणि चर म्हणजे हेरही. अर्थशास्त्र वाचलेल्यास हे सांगावयास नको. मराठीने ‘बालवीर’ शब्द पत्करून हेरगिरीचा वास टाळला, पण माग काढण्याची गंमतही त्यासरशी शब्दातून गेली, असे आमचे मत आहे. असो.

सरकारने दार लावले तेव्हा लोकांनी दुसरे उघडले. १९१६ त मद्रासेस ॲनी बेझंट व अरुंडेल यांनी हिंदी मुलांचा स्वतंत्र संघ काढला. त्यातील मुले टोपीऐवजी फेटा बांधीत. श्रीराम बाजपेयी यांनी शाहजहानपूर येथे काम आरंभिले होतेच. १९१८ त पंडित मालवीय, हृदयनाथ कुंझरू व बाजपेयी यांच्या प्रयत्नाने अलाहाबादेस सेवा समितीचा बालचर संघ निघाला. मध्यप्रांतात नागपूरचे व्हिव्हियन बोस, जे पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, या कामात अग्रभागी होते. १९२१ त बेडन-पॉवेल स्वतः आले, बेझंटबाईंचा संघ मूळ संघात विलीन झाला, पण सेवा समिती बाहेरच राहिली.

या विलीनीकरणाचे वर्णन सर्वत्र सापडते. परंतु त्या वर्षी पथकाच्या मास्तराची स्थिती काय झाली असेल याचा विचार कोणी केलेला आम्हांस आढळला नाही. मूळ संघाच्या प्रतिज्ञेत ईश्वराबरोबर राजाविषयीचे कर्तव्य होते. बाहेर असहकार चालू होता, सरकारी शाळा सोडण्याचा पुकारा होत होता. अशा वेळी खाकी पोशाख घालून, मुलांस ओळीने उभे करून, राजनिष्ठेची प्रतिज्ञा त्यांच्याकडून म्हणवून घेणारा मास्तर गावाच्या दृष्टीने सरकारचा मनुष्य ठरणार. आणि प्रतिज्ञा टाळील तर वरिष्ठांच्या दृष्टीने संशयित ठरणार. संघांच्या कार्यकारी मंडळांत जो तंटा ठरावांनी सुटत होता, तो त्यास मुलांसमोर उभे राहून सोडवावा लागे. १९३७ त बेडन-पॉवेल यांचे हिंदी लोकांच्या शीलाविषयीचे म्हणून काही अनुदार उद्गार प्रसिद्ध झाले, तेव्हा क्षोभ होऊन १९३८ त हिंदुस्थान स्काउट संघ उभा राहिला. मास्तरापुढे पुन्हा तोच प्रश्न: कोणत्या संघाचा गळपट्टा बांधावयाचा? स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, भारत स्काउट्स आणि गाइड्स ही एक संस्था झाली व हा पेच संपला. प्रतिज्ञेत राजाच्या जागी देश आला, ईश्वर म्हणावयाचे नसल्यास धर्म म्हणण्याची मोकळीकही ठेविली गेली. इंग्रजी ‘ऑनर’ या शब्दासाठी हिंदी प्रतिज्ञेत ‘मर्यादा’ हा शब्द योजिला आहे. मर्यादेचा मूळ अर्थ सीमा; आपली सीमा आपण ओळखून दिलेला शब्द, हा अर्थ आम्हांस मूळ इंग्रजीहूनही सरस वाटतो.

राजनिष्ठेचा पेच सुटला, पण दुसरा एक पेच आमच्या शाळांत तसाच राहिला. विलायतेत मुलांनी मास्तर शोधला. आमच्याकडे आधी पत्र निघे, मग मास्तर नेमला जाई, आणि त्यानंतर मुले गोळा केली जात. ‘स्वयंसेवक’ शब्दातील ‘स्वयम्’ तेवढा गळून गेला. १९८८ त आम्हांस हे काम मिळाले ते कार्यालयाच्या सूचनावहीतील एका ओळीने. व्याकरण शिकविणाऱ्यास गाठी मारता येतात की नाही, हे कोणी विचारले नाही. मनुस्मृतीने वेतन घेऊन अध्यापन करणाऱ्यास श्राद्धाच्या पंक्तीस अपात्र ठरविले आहे. आठवड्यातील हे दोन तास तरी आम्हांस पंक्तीस बसू देतील, असे आम्ही शिक्षकांच्या खोलीत थट्टेने म्हणत असू. पुढे प्रशिक्षण झाले, प्रथम सोपानापासून मुलांबरोबर आम्हीही शिकलो, आणि काम आवडू लागले हे कबूल केले पाहिजे. पण आमच्याच बरोबरीचे कित्येक शिक्षक केवळ सही करण्यापुरते स्काउटमास्तर राहिले. त्यांस दोष देण्यास आमचे मन धजत नाही. ‘खरी कमाई’च्या दिवशी मुलांनी भेळ-भजी विकून मिळविलेल्या पैशांचा हिशेब, गणवेशाकरिता पालकांच्या विनवण्या, सुटीच्या दिवसांचा मेळावा, हे सर्व ज्याने मागितले नाही त्याच्या माथी बसले होते.

१९९३ च्या हिवाळ्यात एका नदीकाठी आमचे शिबिर होते. संध्याकाळी भांडी घासण्यास गेलेल्यांपैकी सातवीतील एक मुलगा शेवाळावरून घसरून डोहात गेला. त्याच्या संघनायकाने, अवघ्या चौदा वर्षांच्या पोराने, लाठी पुढे करून त्यास धरिले. आम्ही पोहोचलो तेव्हा मुलगा काठावर बसून खोकत होता. त्या रात्री आम्ही दर तासाला तंबूतील डोकी मोजली. दुसऱ्या दिवशी पालकांची संमतिपत्रे पुन्हा काढून वाचली. शिबिरात काही बरेवाईट झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही, असे त्यांत छापले होते. शाळा नाही, पालकांनी तर सही केलेली. मग उरला कोण? मुलाचे वडील चौथ्या दिवशी भेटावयास आले. आम्ही बोलणी खाण्याची तयारी ठेवली होती. त्यांनी फक्त एवढेच विचारले, “सर, पुढच्या वर्षी पण तुम्हीच असाल ना?” लेझडाउनची हकीगत आम्ही पुढे पुष्कळ वर्षांनी वाचली, आणि त्या परक्या मास्तराविषयी आम्हांस जे वाटले ते केवळ इतिहासाच्या वाचकास वाटणारे नव्हते.

या विषयाची साधने विखुरलेली आहेत व झपाट्याने नष्ट होत आहेत. पथकाची हजेरीवही, शिबिराचा खर्च, पालकांची पत्रे, दोरांची व तंबूंची यादी, हे कागद कोणी जपण्याजोगे मानीत नाही. शाळांच्या माळ्यावरून ते रद्दीत जातात. १९५० पूर्वीच्या पथकांचे दप्तर, विशेषतः १९२१ व १९३८ या सालांचे, ज्यांच्या घरी किंवा शाळेत असेल त्यांनी ते, अथवा त्याची नक्कल, मंडळाच्या दप्तरखान्याकडे पाठवावी. कागद फाटके असले तरी चालतील.