स्वीडिश भाषेतील रंगवाचक शब्द
स्वीडिश भाषेतील मूळचे रंगवाचक शब्द प्राचीन नॉर्समार्गे आद्य-जर्मेनिक भाषेतून आले असून बरेच नंतरचे शब्द फ्रेंचमधून घेतलेले आहेत. 'रंग' या अर्थाचा 'फॅर्य' हा शब्दही मूळचा नाही. तो मध्ययुगात निम्न जर्मनमधून आला व त्याने जुन्या 'लित' या शब्दाची जागा घेतली.

मूळ शब्द
'वित' (पांढरा) हा संस्कृत 'श्वेत'चा, तर 'रोद' (तांबडा) हा 'रुधिर' व 'रोहित' यांचा सगोत्र आहे. 'ग्रोन' (हिरवा) हा 'ग्रू' म्हणजे उगवणे, वाढणे या क्रियापदाशी संबंधित असून 'ग्रेस' (गवत) हा शब्दही त्याच कुळातला. 'ग्यूल' (पिवळा) व 'गुल्ड' (सोने) यांचे मूळ एक आहे. त्याच भारोपीय धातूपासून संस्कृतात 'हिरण्य' आणि 'हरित' असे दोन्ही शब्द झाले. म्हणजे जे मूळ स्वीडिशमध्ये पिवळ्यावर स्थिरावले, ते भारतात हिरव्याकडेही वळले.

'ब्लो'चा अर्थ आज निळा असला, तरी प्राचीन नॉर्समध्ये या शब्दाच्या कक्षेत काळा व काळपट रंगही येत. कावळ्याच्या पिसांना तो लावला जाई आणि आफ्रिकेला 'ब्लोलांड' म्हटले जाई. दहाव्या शतकातील डॅनिश राजा हाराल्ड 'ब्लोतांद' याच्या उपनावाचा अर्थही बहुधा 'काळपट दाताचा' असा असावा. ब्लूटूथ तंत्रज्ञानाचे नाव याच राजावरून पडले, मात्र भाषांतरात दात निळा झाला. जुने मजकूर वाचताना 'ब्लो'चा आजचा अर्थ गृहीत धरल्यास चूक होते. 'ब्रून' (तपकिरी) या शब्दाचेही तसेच. पूर्वी तो जांभळ्या छटांसाठीही वापरला जाई.

उसने शब्द
नारिंगी रंगाला पूर्वी 'ब्रांडग्यूल' (अग्निपिवळा) म्हणत. आता फ्रेंचमधून आलेला 'ओरांश' रूढ आहे, ज्याचे मूळ फारसीमार्गे संस्कृत 'नारंग'पर्यंत जाते. फळाला मात्र स्वीडिशमध्ये 'आपेल्सीन', म्हणजे 'चिनी सफरचंद', म्हणतात. 'लिला' (फिकट जांभळा) हा शब्द फ्रेंच, अरबी व फारसी असा प्रवास करून आला असून त्याचा उगम संस्कृत 'नील'मध्ये मानला जातो. जुना 'ग्रेडेलीन' हा फ्रेंचमधील 'जवसाचा करडा' या शब्दसमूहाचा अपभ्रंश होय.

उसनेपणाची खूण व्याकरणातही दिसते. 'रोद'ची लिंगवचनानुसार 'रोत्त', 'रोदा' अशी रूपे होतात. 'रोसा' (गुलाबी) व 'लिला' प्रमाणभाषेत अविकारी राहतात. मराठीतही 'काळा, काळी, काळे' असा बदल होतो, पण फारसीतून आलेला 'लाल' बदलत नाही.