उदरद्रवाची पेशीतपासणी

उदरपोकळीतील द्रवात गळून पडलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून रोग ओळखण्याच्या पद्धतीस उदरद्रवाची पेशीतपासणी म्हणतात. अंडाशयाचे बहुतेक कर्करोग एपिथेलियल पेशींचे असतात. बीजपेशींपासून किंवा संप्रेरके निर्माण करणाऱ्या पेशींपासून होणारे कर्करोग दुर्मिळ असून त्यांपैकी काही किशोरवयीन मुलींमध्ये व तरुण स्त्रियांमध्ये आढळतात. त्यांचे उपचार वेगळे असल्याने अचूक निदान आवश्यक ठरते.

नमुना

जलोदर असल्यास सुईने द्रव काढला जातो. जलोदर नसल्यास शस्त्रक्रियेच्या आरंभी उदरपोकळी सलाइनने धुऊन तो द्रव गोळा करतात. सेंट्रिफ्यूजमध्ये तळाशी बसलेल्या पेशी काचपट्टीवर पसरून पापानिकोलाऊ किंवा गिम्सा पद्धतीने रंगवतात. उरलेल्या गाळापासून मेणात बसवलेला सेल ब्लॉक तयार करतात. त्याचे पातळ काप विशिष्ट प्रतिपिंडांनी तपासता येतात.

पेशींची वैशिष्ट्ये

* ग्रॅन्युलोसा पेशी अर्बुद (प्रौढ प्रकार): केंद्रकावर कॉफीच्या बीसारखी उभी खाच असते. पेशी सहसा इन्हिबिन या प्रथिनाची चाचणी होकारार्थी देतात. बहुतेक अर्बुदांत एफओएक्सएल२ जनुकात एकच ठरावीक उत्परिवर्तन आढळते.
* योक सॅक अर्बुद: पेशींत काचेसारखे गोलक दिसू शकतात. रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीन वाढलेले असते.
* डिसजर्मिनोमा: मोठ्या, सुट्या पेशी व ठळक केंद्रिका दिसतात. सोबत लिम्फोसाइट पेशी असतात.

मर्यादा

उदरपोकळीच्या अस्तरातील मेसोथेलियल पेशी दाहामुळे आकाराने वाढतात आणि कर्कपेशींसारख्या भासतात. द्रवात कर्कपेशी न आढळल्यामुळे कर्करोग नाही असे सिद्ध होत नाही. याउलट, केवळ जलोदर म्हणजे कर्करोग नव्हे. मेग्ज लक्षणसमूहात फायब्रोमासारख्या सौम्य अर्बुदासोबत उदरात व फुप्फुसावरणात पाणी साठते. अर्बुद काढल्यावर ते नाहीसे होते. त्यामुळे अंतिम निदान सामान्यतः काढलेल्या अर्बुदाच्या ऊतक परीक्षणावरून केले जाते.

महत्त्व

आंतरराष्ट्रीय स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र महासंघाच्या २०१४ च्या वर्गीकरणानुसार, अर्बुद अंडाशयापुरते मर्यादित असूनही द्रवात कर्कपेशी आढळल्यास टप्पा १सी३ धरला जातो. शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी द्यावी की केवळ देखरेख पुरेशी आहे, हे ठरवताना या टप्प्याचा विचार होतो. बीजपेशी अर्बुदे केमोथेरपीला चांगला प्रतिसाद देतात. त्यामुळे वेळीच योग्य निदान झाल्यास अनेक तरुण रुग्णांचे दुसरे अंडाशय व गर्भाशय वाचवता येते.